पोर्सलीन आणि धातूचा जुना हातरंगी कलश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि मुंबई बंदरात उतरलेला युरोपचा शोभेचा माल इथवर येणं सोपं झालं. पेठांमधल्या काही जुन्या घरांच्या दिवाणखान्यात त्यातल्या वस्तू अजून उभ्या आहेत. त्यातलीच एक म्हणजे गडद निळ्या किंवा गुलाबी पोटाचा, मधोमध चित्र रंगवलेला, सोनेरी कानांचा, चौकोनी धातूच्या बैठकीवरचा झाकणाचा कलश. इंग्रजीत त्याला ‘अर्न’ म्हणतात. दिवाळीची साफसफाई, घराची वाटणी किंवा वाडा पाडणं, या तीन वेळी अशा कलशाबद्दल प्रश्न निघतात आणि नुकसानही याच तीन वेळी होतं. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

ही फुलदाणी आहे की कलश? आत नेमकं काय असतं?

फुलदाणी नाही. ही निव्वळ शोभेची वस्तू आहे. बहुतेक वेळा जोडीनं विकली जायची, कधी मधोमध घड्याळ आणि दोन्ही बाजूंना दोन कलश असा संच असायचा. तुमच्याकडे एकच असेल तर दुसरा भावकीत कुणाकडे आहे का ते विचारा. जोडीला मोल बरंच जास्त.

बाहेरून एकसंध दिसला तरी कलश सात-आठ तुकड्यांचा असतो: झाकण आणि त्यावरची कळी, गळ्याभोवतीचा धातूचा पट्टा, पोर्सलीनचं पोट, दोन कान, पोटाखालचा निमुळता पाया आणि चौकोनी बैठक. पोट, पाया आणि बैठक यांना आरपार जोडणारी आट्यांची लोखंडी किंवा पितळी सळई मधून जाते आणि बैठकीच्या खालून नटानं आवळलेली असते. चिनी माती आणि धातू जिथे भेटतात तिथे चामडं, बूच किंवा पुठ्ठ्याची चकती असते. काही कलशांत पायाच्या पोकळीत प्लास्टर भरलेलं असतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही सळई, हा नट आणि या चकत्या परत येणार आहेत, म्हणून एकदा टॉर्च घेऊन खालून नीट पाहून ठेवा.

‘अर्न’ म्हणजे अस्थिकलश ना? मग घरात ठेवायचा का?

हा प्रश्न आजीकडून येतो आणि तो रास्त आहे. अर्न या शब्दाचा एक अर्थ अस्थिपात्र असाही आहे. पण हे कलश त्या कामासाठी केलेले नाहीत. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई इथलं उत्खनन सुरू झालं आणि युरोपभर प्राचीन ग्रीक-रोमन भांड्यांच्या आकारांचं वेड पसरलं. वाइन मिसळायची, तेल साठवायची भांडी पाहून कारखान्यांनी शोभेचे कलश घडवले. तुमच्या घरातला कलश त्या वेडाचा वंशज आहे. आत कुणाच्या अस्थी नाहीत आणि कधी नव्हत्याही. खुशाल ठेवा.

चिनी माती म्हणजेच पोर्सलीन का?

बोलताना आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो, पण ती बरणी दगडी भांड्याच्या जातीची असते: जाड, अपारदर्शक, तुटल्यावर करडी किंवा पिवळसर. पोर्सलीन केओलिन (एक पांढरी माती), फेल्डस्पार (एक खनिज) आणि गारगोटी यांचं बनतं आणि साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. तुटलेली कड पांढरीशुभ्र आणि काचेसारखी दिसते. पातळ भागाला मागून टॉर्च लावला की प्रकाश आरपार येतो. मात्र जाड निळ्या रंगामागून तो येणार नाही, म्हणून पांढऱ्या किंवा चित्राच्या भागावर पाहा.

तळाला एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’ आहेत. म्हणजे हा फ्रान्सच्या सेव्र कारखान्याचा राजेशाही कलश का?

बहुधा नाही. आधीच सांगतो, कारण या खुणेवर विसंबून लोक भलत्या किमतीची स्वप्नं बघतात.

सेव्रचा कारखाना आधी व्हँसेनला होता, तो १७५६ मध्ये सेव्रला हलला. १७५३ पासून दोन एलच्या मधे वर्षाचं अक्षर लिहायची पद्धत सुरू झाली: ‘ए’ म्हणजे १७५३, असं करत ‘झेड’ म्हणजे १७७७, पुढे १७७८ पासून दुहेरी अक्षरं. ही खूण एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आणि इतर कारखान्यांनी सर्रास वापरली. सेव्र शैलीचे मोठे निळे कलश, धातूच्या कानांसह, सर्वाधिक झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

एक तपासणी घरबसल्या करता येते. सेव्रला सुरुवातीला केओलिनशिवायचं ‘मऊ’ पोर्सलीन व्हायचं. ‘कठीण’ पोर्सलीनला लागणारं केओलिन फ्रान्समध्ये १७६८ मध्ये लिमोजजवळ सापडलं आणि सेव्रचा तसा माल १७७० च्या आसपास बाजारात आला. आता खुणेतलं अक्षर १७५० च्या दशकातलं असेल आणि अंग कठीण पोर्सलीनचं असेल, तर दोन्ही खरं असू शकत नाही. खूण नंतरची. कठीण पोर्सलीनचा टवका उडालेला असेल तर तिथे शिंपल्यासारखा गुळगुळीत, काचेरी खोलगटपणा दिसतो. मऊ पोर्सलीनचा टवका दाणेदार असतो आणि त्यावर मळ झिरपलेला दिसतो.

नंतरचा म्हणजे टाकाऊ, असं मात्र समजू नका. १८८० च्या आसपासचा, चांगल्या हातानं रंगवलेला, मूळ मुलामा शाबूत असलेला कलश ही जपण्याजोगी वस्तू आहे. ती जे आहे त्याच नावानं ओळखा: ‘सेव्र शैलीचा, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खूण आहे, किंवा मुकुट आणि ‘एन’ आहे. ती कुणाची?

पोळं म्हणजे खरं तर उलटी धरलेली ढाल, व्हिएन्ना कारखान्याची. तो कारखाना १८६४ मध्ये बंद झाला आणि पुढे अनेक चित्रशाळांनी तीच ढाल वापरली. खूण चकाकीच्या, म्हणजे वरच्या काचेरी थराच्या, खाली निळ्यात आहे की वर रंगवली आहे ते नखानं चाचपून पाहा. वर हाताला लागली तर नंतरची. मुकुटाखालचा ‘एन’ नेपल्सचा, पण तोही कित्येकांनी उचलला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी जर्मनीतल्या मायसेनच्या, आणि त्यांचीही नक्कल भरपूर.

तळाला देशाचं नाव इंग्रजीत असेल तर कलश बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेनं त्या सुमारास आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. नाव नसणं हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला तो नियम लागू नव्हता.

चित्र हाताने काढलंय की छापील आहे?

सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घ्या आणि चेहऱ्याच्या गालावर, आकाशावर आणि झाडाच्या सावलीवर बघा. छापील असेल तर सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसतील, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. हाताचं काम असेल तर कुंचल्याच्या रेघा दिसतात, कुठे रंग दाट, कुठे विरळ. तिरप्या उजेडात बोट हळूच फिरवलं तर रंगाची सूक्ष्म उंची जाणवते.

फसवणारा प्रकार तिसराच: बाह्यरेषा छापून आत हातानं रंग भरलेला. त्यात पोशाखावर कुंचला दिसतो पण चेहऱ्याची रेषा ठिपक्यांची किंवा एकाच जाडीची असते. कलशाची जोडी असेल तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. दोन्हींवरचा माणूस केसाकेसाला सारखा असेल तर छपाई नक्की.

चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीवरून हुरळू नका. ‘वातो’ किंवा ‘बुशे’ असं लिहिलेलं असतं. हे अठराव्या शतकातले फ्रेंच चित्रकार, आणि त्यांचं नाव असण्याचा अर्थ इतकाच की चित्र त्यांच्या धाटणीचं किंवा त्यांच्या कामावरून उतरवलेलं आहे. पाठीमागचं छोटं निसर्गचित्र नीट बघा. पुढची बाजू सगळेच मन लावून रंगवतात, कारागिराचा खरा हात मागच्या बाजूला कळतो.

धातू कोणता? सोनं, पितळ, ब्राँझ की आणखी काही?

चार शक्यता आहेत आणि प्रत्येकीची निगा वेगळी, म्हणून हे ओळखल्याशिवाय धातूला हात लावू नका.

पहिली, पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ किंवा पितळ. सोनं आणि पारा यांचं मिश्रण धातूवर चोपडून तापवायचं, पारा उडून जायचा, सोनं चिकटून राहायचं. पाऱ्याच्या वाफेनं कारागीर मरत, म्हणून ही पद्धत पुढे मागे पडली. हा मुलामा जाडसर, उबदार रंगाचा, काही भाग मुद्दाम मंद आणि काही घोटून चकचकीत केलेला असतो.

दुसरी, विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १८४० चं. हा थर खूप पातळ, सगळीकडे एकसारखा चकाकणारा.

तिसरी, मुलामा नाहीच, नुसतं पितळ आणि त्यावर पिवळसर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप.

चौथी, जस्ताचं ओतकाम, वर सोनेरी गिलिट. स्वस्त कलशांत हे खूप दिसतं.

ओळखायचं कसं? कानाच्या टोकाला किंवा बैठकीच्या कोपऱ्यावर थर झिजलेला असतोच. तिथे पिवळं दिसलं तर पितळ-ब्राँझ, करडं-निळसर दिसलं तर जस्त. लोहचुंबक यातल्या कशालाच चिकटत नाही, त्यामुळे पितळ आणि जस्त यांतला फरक त्यानं कळणार नाही. त्यानं फक्त सळई लोखंडाची आहे का ते कळतं, आणि तेही महत्त्वाचं आहे.

कान तुटला म्हणून तांबटाकडे किंवा सोनाराकडे डाग द्यायला नेत असाल तर धातू आधी सांगा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. पितळेच्या सवयीनं ज्योत लावली तर कान डोळ्यांदेखत ओघळून जाईल. जस्ताचा तुटलेला भाग तापवून नव्हे, चिकटवूनच जोडतात.

फुल्लीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो जोड १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. एखादा स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर अख्खा कलश नवा असण्याची शक्यता मोठी. नव्या नकलांमध्ये खाचांत सारख्या रंगाचा तपकिरी लेप असतो. खरा मळ असा शिस्तीत बसत नाही.

यात पाणी घालून फुलं ठेवली तर?

नको. तळाला सळईचं भोक आहे, पाणी तिथून खाली जाईल, लोखंड गंजेल आणि प्लास्टर फुगेल. आत सुकामेवा किंवा चॉकलेटही ठेवू नका, या रंगांत बहुधा शिसं असतं.

घरी साफ कसा करावा?

आधी ठरवा की साफ करायची गरज आहे का. धूळ असेल तर फक्त ब्रश पुरतो, आणि वर्षातून दोनदा तेवढंच करावं असं आमचं ठाम मत आहे.

जागा टेबलावर नको, जमिनीवर करा. खाली जाड सोलापुरी चादर चार पदरी घाला. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, गळ्यातली साखळी आत खोचा. झाकण आधी काढून वेगळं ठेवा. मग एक हात पोटाखाली आणि एक हात बैठकीखाली देऊन उचला. कानांना धरून कधीही उचलू नका. ते दोन-दोन छोट्या स्क्रूंवर टांगलेले असतात, वजन पेलायला नव्हे.

धुळीसाठी जलरंगाचा मऊ, रुंद ब्रश घ्या. ब्रशच्या मुठीवरच्या पत्र्याला चिकटपट्टी गुंडाळा, तो पत्रा सोन्यावर ओरखडे काढतो. वरून खाली झाडत या. टॉवेल वापरू नका. सोलापूरचा टॉवेल चांगला म्हणूनच नको, त्याचे उभे लूप धातूच्या पानांच्या टोकांत अडकतात आणि ओढताना पान वाकतं किंवा झाकण खाली येतं. जुनं मऊ धोतर किंवा मलमल बरं.

उदबत्ती-कापराचा चिकट थर बसला असेल तरच पाणी. बोअरचं पाणी इथे जड आहे, वाळलं की पांढरे डाग सोडतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. लेबल वाचून घ्या, शेजारीच अॅसिडची बाटली असते. एक लिटर कोमट पाण्यात सौम्य, बिनरंगी, बिनवासाच्या साबणद्रावणाचे दोन-तीन थेंब. कापसाची काडी बुडवून पिळा आणि पोर्सलीनवर घासू नका, फिरवत न्या. चार-पाच सेंटिमीटर झालं की काडी बदला. दुसरी काडी नुसत्या पाण्याची, मग लगेच मलमलनं टिपून घ्या. धातूपासून अर्धा सेंटिमीटर अलीकडेच थांबा.

पहिली काडी मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लावून पाहा. तिच्यावर रंग आला तर थांबा. भट्टीत भाजलेला रंग पाण्यानं सुटत नाही, म्हणजे तिथे कुणीतरी नंतर दुरुस्ती करून वरून रंगवलंय. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात फिरवला तर असे भाग आजूबाजूपेक्षा वेगळे उजळतात. सोन्याच्या नक्षीवर काडीसुद्धा नको. १८३० नंतरचं द्रवरूप सोनं इतकं पातळ असतं की वर्षानुवर्षांच्या पुसण्यानंच ते गेलेलं असतं.

बादलीत बुडवणं, नळाखाली धरणं, डिशवॉशर, ब्लीच, काचा पुसायचा फवारा: यातलं काहीही नाही.

धातू काळवंडलाय. चिंच किंवा पितळेची पावडर चालेल का?

देव घासतो तसा कलश घासायचा नाही. देवघरातली समई आतबाहेर पितळेची आहे, वरचा थर निघाला तरी खाली पितळच. इथे वरचा थर हीच वस्तू आहे. चिंच, लिंबू-मीठ आणि दही ही आम्लं आहेत. मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ती खालच्या पितळापर्यंत पोचतात आणि थर आतून सुटतो. जस्त असेल तर आम्ल त्याला सरळ खातं. राख आणि रांगोळी खरवडतात. बाजारच्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा अमोनिया आणि घासकाम करणारी पूड दोन्ही असतात. शिवाय घासताना पांढरा राडा पोर्सलीनच्या कडेला साठतो आणि तिथून कधी निघत नाही.

मुलाम्यावरचा काळेपणा बहुधा मळच असतो. कोरडा ब्रश आणि किंचित ओलसर काडी यांनी जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, बाकी राहू द्या. खाचांतली थोडी काळी छाया नक्षी उठावदार करते. ती काढून टाकलेला कलश जाणकाराला नागडा वाटतो.

हिरवा मेणचट थर असेल तर लाकडी दातकोरणीनं कोरडाच उचलता येतो. पण फिकट हिरवी पूड, झटकली तरी पंधरा दिवसांत परत येणारी, हे वेगळं दुखणं आहे. क्षारांमुळे धातू आतून सडतोय. कलश कोरड्या जागी हलवा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्या-दुरुस्त करण्याच्या जाणकाराला, दाखवा.

गेलेलं सोनं परत चढवून घ्यावं का?

नाही. नवा मुलामा किंवा सोनेरी रंग दिला की वय आणि किंमत दोन्ही पुसलं जातं.

कलश डुगडुगतो, पोट बैठकीवर फिरतं. नट आवळू का?

इथेच सगळ्यात जास्त कलश फुटतात. फिरतं म्हणून नट आवळला, अजून थोडा आवळला, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज आला की पायाच्या भोकापासून तडा गेला. पोट सैल झालेलं असतं ते बहुतेक वेळा नट ढिला झाला म्हणून नव्हे, तर मधली चामड्याची किंवा बुचाची चकती वाळून आकसली म्हणून. तिची जागा आवळून भरून निघत नाही, कारण आता धातू थेट पोर्सलीनवर दाबतो.

चकती बदलायची तर दोघंजण लागतात. चारी बाजूंचे फोटो काढा. चिकटपट्टी सोन्यावर किंवा चित्रावर लावू नका, उचकटताना ती मुलामा घेऊन येते. कुठला भाग कुणाच्या समोर येतो ते कागदावर काढून ठेवा. कलश चादरीवर आडवा, पोटाखाली आणि पायाखाली मऊ गुंडाळ्या. एकानं पोट धरायचं, दुसऱ्यानं नट. नट गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल काडीनं फक्त आट्यांवर लावा, फवारू नका, आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशीही हलला नाही तर सोडून द्या. पक्कड लावून जोर केला की सळई फिरते आणि आतून पाया फोडते.

सुटला तर निघालेला प्रत्येक भाग क्रमानं कागदावर मांडा. सळईवरचा गंज कोरड्या ब्रशनं झाडा. नवी चकती दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या बुचाच्या शीटमधून जुन्या मापानं कापा, दोन्ही जोडांवर एकेक. रबर नको, ते काही वर्षांत चिकट होऊन डाग पाडतं. मूळ नटच परत लावा. जुन्या आट्या आजच्या मापाच्या असतीलच असं नाही, नवा नट जबरदस्तीनं बसवला तर आट्या मरतात. बोटांनी बसेल तेवढा बसवायचा, पान्यानं फार तर पाव फेरा. पोट हातानं फिरायचं थांबलं की पुरे. जुन्या चकत्या फेकू नका, पाकिटात घालून जपा.

भोकापासून केसासारखी रेघ गेलीय. वाढेल का?

कारण कायम असेल तर वाढेल. कारण तीनच: जास्त आवळलेला नट, गंजून फुगलेली लोखंडी सळई, आणि उष्णता. पितळ उन्हानं पोर्सलीनच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतल्या घट्ट आवळलेल्या कलशावरचा ताण रोज दुपारी आणि पहाटे बदलत राहतो. रेघेच्या टोकाचा भिंगातून फोटो घ्या, तारीख टाका आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा.

फुटलाच तर?

सगळे तुकडे गोळा करा, पोह्याएवढा कणसुद्धा. प्रत्येक वेगळ्या कागदात. तुकडे एकमेकांत बसवून पाहायचा मोह आवरा, कडा घासल्या की जोड कायमचा जाड दिसतो. झटपट चिकटणारा डिंक लावू नका. तो तुकडा किंचित वाकडा असतानाच धरतो, मग शेवटचा तुकडा बसतच नाही, आणि काही वर्षांनी जोड सुटतोही. गळती बुजवायच्या सीलिंग कंपाउंडचा गोळा आणि साधं इपॉक्सी पिवळं पडतं. संवर्धक पॅरालॉइड बी-७२ सारखं, ॲसिटोननं परत सोडवता येणारं राळद्रावण किंवा न पिवळणारं खास इपॉक्सी वापरतात.

मागे धातूचे छोटे टाके मारलेले दिसले तर ती जुन्या काळची दुरुस्ती आहे. धरून असेल तर काढू नका.

सोलापुरात, आमच्या घरात, ठेवायचा कुठे?

भिंतीलगतच्या, दार असलेल्या कपाटात, कमरेच्या उंचीवर. पश्चिमेची खिडकी, एसीचा झोत आणि देवघराचा धूर टाळा. पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहे त्यांनी तर जास्तच जपा. मागाच्या सततच्या थरथरीनं कलश दिवसाला केसभर सरकतो, नट सैल होतो आणि झाकणाची कड घासून टवके उडतात. बैठकीखाली तीन मिलिमीटर फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) आणि झाकणाच्या कडेखाली पातळ फेल्टचे तीन ठिपके लावले की हे थांबतं. मिरवणुकीचा मार्ग दारावरून जात असेल तर त्या दिवसांपुरतं झाकण काढून वेगळं ठेवा.

किंमत किती येईल? विकायला कायद्याची अडचण आहे का?

फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. किंमत ठरते ती चित्राच्या दर्जावर, मूळ मुलाम्यावर, झाकण मूळचं आहे का यावर, जोडीवर आणि तड्यांवर. दुरुस्ती लपवलेली निघाली तर ती सगळ्यात जास्त पाडते. एवढं मात्र खरं की मोडीत कधीच घालू नका. वजनावर घेणारा फक्त पितळ मोजतो आणि पोर्सलीन तिथेच फोडून टाकतो.

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानं १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेणं खासगी माणसाला मना आहे, परदेशातल्या मुलाकडे ‘आठवण म्हणून’ पाठवणंही. पुरावस्तूंचा विक्री-व्यवसाय करायला परवाना लागतो, म्हणून व्यापाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. कलश १०० वर्षांच्या आतला असेल आणि बाहेर न्यायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

दाखवायचा कुणाला, आणि तिथवर न्यायचा कसा?

डोळा तयार करायचा तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघा, युरोपीय पोर्सलीन तिथे भरपूर आहे आणि सोलापूरहून रेल्वे थेट जाते. दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं आहेत. आधी फोटो पाठवा: पुढून, मागून, खालून, खूण, तडा, आणि शेजारी पट्टी ठेवून उंची, झाकणासह आणि झाकणाशिवाय.

न्यायचा झाला तर झाकणाचं खोकं वेगळं. कान आणि पोट यांच्या मधल्या पोकळीत आधी मऊ कागदाच्या गुंडाळ्या भरा, म्हणजे बाहेरचा दाब कानावर येणार नाही. त्यावर मलमल, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत राहिले तर उन्हात सोन्यावर गोल ठसे उठतात. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. हे सगळं एका खोक्यात घट्ट, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण ठेवून. कलश उभाच ठेवायचा. गाडीत सीटवर नको, पुढच्या सीटमागच्या पायाच्या जागेत खोकं बसवा आणि उरलेली फट चादरीनं भरा. रेल्वेनं जात असाल तर खालच्या बर्थखाली, भिंतीकडे सरकवून, आणि कुर्डुवाडीला चहा प्यायला उतरताना कुणीतरी एक जण खोक्याजवळ बसून राहू द्या.